हृदयापर्यंत जनुक-औषध नेताना: नॅनोकण कुठे चालतात आणि कुठे अडतात

प्रश्न थोडक्यात असा: हृदयविकारात जनुकांचं काम कमी-जास्त करणारी औषधं, म्हणजे एसआयआरएनए (एक जनुक बंद करणारा दुपदरी तुकडा), मायक्रोआरएनए (अनेक जनुकांना थोडं थोडं हलवणारा), एमआरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना), नॅनोकणांत भरून द्यायची असतील तर कण कसे बनवायचे, ते हृदयात पोहोचले हे कसं सिद्ध करायचं, आणि उंदरात छान चाललेली गोष्ट पुढे का अडते?

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा: औषध नेमकं कुठल्या पेशीत जायला हवं. बहुतेक प्रकल्प उलट्या बाजूने सुरू होतात. एखादा मायक्रोआरएनए सापडतो, बशीतल्या पेशींवर तो सुंदर काम करतो, मग त्याच्यासाठी कण शोधले जातात, आणि बराच काळ गेल्यावर लक्षात येतं की डोसाचा मोठा भाग यकृतात जाऊन बसतोय. पेशी आधी ठरवली की कणाचा प्रकार, देण्याचा मार्ग, डोस आणि चाचण्या यांतले निम्मे निर्णय आपोआप होतात.

हृदयविकाराचं औषध हृदयातच गेलं पाहिजे असंही नाही. आज रुग्णांपर्यंत पोहोचलेली या प्रकारची जवळजवळ सगळी औषधं यकृतावर काम करतात. एलडीएल कोलेस्टेरॉल, लायपोप्रोटीन-ए, ट्रान्सथायरेटिन या सगळ्यांचा कारखाना यकृतात आहे, आणि सुदैवाने मेदाचे नॅनोकण (पुढे नुसतं एलएनपी म्हणतो) स्वभावतःच यकृताकडे जातात. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना साधारण १०० नॅनोमीटरच्या खिडक्या असतात. शिवाय कण रक्तात शिरला की त्याच्यावर एपोई हे प्रथिन चिकटतं, आणि यकृतपेशींवरचे एलडीएल रिसेप्टर (पृष्ठभागावरचे पकडणारे रेणू) त्याला आपलं समजून आत ओढतात. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान, एसआयआरएनए प्रकारातलं पहिलं औषध, याच वाटेने चालतं. ते ट्रान्सथायरेटिन बंद करतं. मान्यता मज्जातंतूंच्या आजारासाठी असली, तरी हेच प्रथिन हृदयाच्या स्नायूतही साचतं. त्याच प्रथिनावरचं नंतरचं औषध व्हुट्रिसिरान मार्च २०२५ मध्ये हृदयाच्या आजारासाठीही मान्य झालं, आणि त्यात नॅनोकण नाही. एसआयआरएनएला गॅलनॅक नावाची साखर जोडलेली असते. तीन महिन्यांतून एकदा २५ मिलिग्रॅम त्वचेखाली टोचलं की झालं. पीसीएसके९ (एलडीएल रिसेप्टर कमी करणारं प्रथिन) बंद करणारं इन्क्लिसिरानही असंच: २८४ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी. एलडीएल साधारण निम्म्यावर येतं.

म्हणून लक्ष्य यकृतात असेल आणि औषध एसआयआरएनए असेल, तर एलएनपी बनवत बसू नका. साखर जोडलेला रेणू स्वस्त, टिकाऊ आणि रुग्णाला सोपा. एलएनपीची गरज उरते ती मोठ्या मालासाठी: एमआरएनए किंवा जनुक-संपादक. तिथेही सावध राहावं लागतं. पीसीएसके९ संपादित करणाऱ्या व्हर्व्ह-१०१ची भरती एप्रिल २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण एका रुग्णात यकृताची विकरं वाढली आणि प्लेटलेट उतरले. संशय संपादकावर नव्हता, वाहक मेदावर होता. पुढच्या आवृत्तीत आयनक्षम मेद (आम्लात धनभार घेणारा) बदलला आणि कणावर गॅलनॅक बसवलं.

इथेच एक सापळा सांगतो, त्यात भलेभले अडकतात. धमनीकाठिण्याचं सर्वांत लोकप्रिय प्रारूप म्हणजे एपोई नसलेला उंदीर. पण एलएनपी यकृतात शिरतो तोच एपोईच्या आधाराने! या उंदरात नेहमीचा कण दिला की परिणाम कोसळतो, आणि दोष औषधाच्या क्रमाला, म्हणजे आरएनएतल्या अक्षरांच्या मांडणीला, दिला जातो. एलडीएल रिसेप्टर नसलेला उंदीर घेतला तरी तीच गत. पीसीएसके९ वाढवून कोलेस्टेरॉल चढवलेल्या उंदरातही रिसेप्टर कमी होतात, म्हणजे तीच अडचण सौम्य रूपात. उपाय दोन: कण टोचण्याआधी शुद्ध एपोईबरोबर मिसळून घेणं (हा फक्त पहिल्या प्रारूपात चालतो), किंवा गॅलनॅक लावलेला कण वापरणं, जो दुसऱ्याच रिसेप्टरने आत जातो. ही बाब उंदरापुरती नाही. जन्मजात दोन्ही एलडीएल रिसेप्टर जनुकं बिघडलेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना औषधाची सर्वांत जास्त निकड आहे त्यांनाच, साधा एलएनपी उपयोगी पडणार नाही.

यकृतानंतर सोपं लक्ष्य म्हणजे प्रतिकारपेशी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर प्लीहा आणि अस्थिमज्जेतून मोनोसाइट पेशींची लाट हृदयाकडे धावते. प्लीहेत कण पोहोचवणं तुलनेने सोपं आहे. २०११ मध्ये ल्युश्नर आणि सहकाऱ्यांनी एलएनपीतून सीसीआर२ या रिसेप्टरविरुद्ध एसआयआरएनए दिला. मोनोसाइट जखमेकडे कमी गेले आणि उंदरांमध्ये इन्फार्क्टचा, म्हणजे मेलेल्या स्नायूभागाचा, आकार घटला. हृदयाच्या पेशींत औषध पोहोचवावं लागलं नाही, तरी फायदा हृदयाला झाला. २०२२ मध्ये याहून धाडसी गोष्ट झाली: टी-पेशींवरच्या सीडी५ला चिकटणारी प्रतिपिंडं कणावर लावून शरीरातच तात्पुरत्या कार-टी पेशी (ठरावीक खूण ओळखून मारणाऱ्या टी-पेशी) घडवल्या, आणि त्यांनी हृदयातले तंतुजनक फायब्रोब्लास्ट टिपले. एमआरएनए काही दिवसांत विरतो म्हणून या पेशींची मारक शक्तीही काही दिवसच टिकते. माझ्या मते येत्या काळात सर्वांत फलदायी दिशा हीच आहे, आणि तरीही अनेक गट थेट हृदयस्नायूच्या मागे लागतात.

हृदयस्नायू पेशी इतकी अवघड का

हृदयाच्या केशवाहिन्यांना खिडक्या नसतात; भिंत सलग असते. कणाला पेशीतून पेशीतच जावं लागतं, आणि त्या वाटेवरच्या पिशव्या ५० ते १०० नॅनोमीटरच्या. हृदयाच्या वाट्याला एकूण रक्तप्रवाहाच्या चार-पाच टक्केच येतात. स्नायूपेशी हृदयाचं बहुतेक आकारमान व्यापतात, पण संख्येने त्या सुमारे एक-तृतीयांशच आहेत. म्हणून "हृदयात औषध सापडलं" या वाक्याचा अर्थ बहुधा "रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सापडलं" असाच निघतो.

हिशेब करून पाहू. २५ ग्रॅमचा उंदीर, डोस १ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम एसआयआरएनए. रेणूचं वजन साधारण १३,५०० धरलं तर सुमारे ११ कोटी कोटी रेणू झाले. त्यातले अर्धा टक्का हृदयात गेले असं मानू: साडेपाच लाख कोटी. त्यातला विसावा भाग अस्तर ओलांडून स्नायूपेशींत शिरला असं धरू: २७,५०० कोटी. उंदराच्या हृदयात स्नायूपेशी साधारण २५ लाख. वाट्याला आले प्रत्येकी १ लाख १० हजार. पण पेशीत शिरलेला रेणू एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीने आत ओढलेल्या मालाच्या पिशवीत, अडकतो, आणि तिथून एक-दोन टक्केच निसटतात. हे २०१३ मध्ये यकृतपेशींत मोजलं गेलंय. एक टक्का धरला तर उरले सुमारे ११००. एक जनुक बंद करायला पेशीत काही शे ते काही हजार कामाचे रेणू लागतात. म्हणजे आपण काठावर आहोत. हाच हिशेब यकृतासाठी करा: डोसाचे साठ टक्के, पंधरा कोटी यकृतपेशी, एक टक्का सुटका, आणि प्रत्येक पेशीत ४४,००० रेणू. चाळीसपट फरक! यातले हृदयाचे टक्के मी हिशेबासाठी धरलेत. तुमच्या कणाचे खरे आकडे मोजा आणि हाच कागद पुन्हा मांडा. हा हिशेब नाही जमला तर प्राण्यांवर जाऊ नका.

माल कोणता, आणि तो किती काळ टिकायला हवा

अँटीमिर, म्हणजे एखादा मायक्रोआरएनए रोखणारा एकपदरी, रासायनिक बदल केलेला तुकडा, वाहकाशिवायही बऱ्यापैकी ऊतींत शिरतो. मिर-१३२ रोखणारं सीडीआर१३२एल हे औषध हृदयनिकामीच्या रुग्णांत शिरेवाटे, कुठल्याही नॅनोकणाशिवाय दिलं गेलं. त्या सुरुवातीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तेव्हा अँटीमिर असेल तर "कण लागतोच का?" हा प्रश्न आधी. दुपदरी एसआयआरएनए आणि मायक्रोआरएनएच्या नकला मात्र वाहक किंवा जोड-रेणू मागतात. एमआरएनएचं प्रथिन काही तासांपासून काही दिवस बनतं. संपादक कायमचा बदल करतो.

कालावधी हा हृदयात जिवाचा प्रश्न आहे. मिर-१९९ए प्रौढ स्नायूपेशींना पुन्हा विभागायला लावतो. २०१९ मध्ये डुकरांत झटक्यानंतर तो एएव्ही विषाणूतून दिला. महिनाभरात व्रण लहान झाला, आकुंचन सुधारलं. पण विषाणूने आणलेलं जनुक थांबत नाही. अर्धवट घडलेल्या पेशी वाढत राहिल्या आणि उपचार घेतलेली बहुतेक डुकरं लयबिघाडाने अचानक मेली. तोच मायक्रोआरएनए मेदाच्या मिश्रणातून, एकदाच, काही दिवसांपुरता देणं हा वेगळा आणि शहाणपणाचा प्रयोग आहे. उंदरांत तो झालाही आहे. आपोआप संपणारा परिणाम ही नॅनोकणांची हृदयातली खरी ताकद आहे. पेशीविभाजन, रक्तवाहिनी-वाढ, दाह या तिन्ही बाबतींत तीच हवी.

मायक्रोआरएनएच्या नकलेबद्दल आणखी एक. ती शेकडो जनुकांना थोडं थोडं हलवते. मिर-२९ तंतुजनन रोखतो, मिर-२१ फायब्रोब्लास्टांना चेतवतो, मिर-१३३ आणि मिर-१ स्नायूची घडण सांभाळतात. पण हेच रेणू मूत्रपिंडात, फुप्फुसात दुसरं काही करत असतात. लक्ष्य-पेशी चुकली की दुष्परिणामाचा अंदाज बांधणं अशक्य होतं. एकाच प्रथिनाने काम भागत असेल तर एसआयआरएनए घ्या.

कण बनवणं

प्रमाणित कृती घेऊ, तिच्यावर हात बसला की बदल करा. चार मेद, मोल-प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५, अनुक्रमे आयनक्षम मेद (एमसी३), डीएसपीसी, कोलेस्टेरॉल, आणि पीईजी (कणाला वेढणारं बहुलक) जोडलेला डीएमजी. हीच चौकट पॅटिसिरानमध्ये आहे.

१०० मायक्रोग्रॅम आरएनएची बॅच घ्या. एका न्यूक्लिओटाइडचं सरासरी वजन ३३० धरलं तर ०.३० मायक्रोमोल फॉस्फेट. आयनक्षम मेदातला नायट्रोजन त्याच्या सहापट ठेवायचा (एसआयआरएनएला तीनपटही पुरतो): १.८२ मायक्रोमोल, म्हणजे एमसी३ १.१७ मिलिग्रॅम. त्यावरून डीएसपीसी ०.२९, कोलेस्टेरॉल ०.५४, पीईजी-डीएमजी ०.१४ मिलिग्रॅम. एकूण मेद सुमारे २.१ मिलिग्रॅम, आरएनएच्या २१ पट. मेद ०.३ मिलिलिटर इथेनॉलमध्ये, आरएनए ०.९ मिलिलिटर सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४. सूक्ष्मवाहिनी चिपमधून तीनास एक या प्रमाणात, एकूण १२ मिलिलिटर प्रति मिनिट वेगाने मिसळा. बाहेर पडणाऱ्या द्रवाचा पहिला आणि शेवटचा थोडा भाग टाकून द्या; तिथे प्रमाण बिघडलेलं असतं आणि मोठे कण तिथूनच येतात. लगेच बफरने विरळ करून इथेनॉल दहा टक्क्यांखाली आणा. पंचवीस टक्के इथेनॉलमध्ये कण ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ते एकमेकांत मिसळून वाढलेले असतील. मग पीएच ७.४ वर रात्रभर डायलिसिस, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, आणि आरएनएचं मोजमाप फिल्टरनंतरच, आधी नाही. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे वरच्या १ मिलिग्रॅम प्रति किलो डोसाचे जेमतेम चार उंदीर. गाळणीतलं नुकसान धरलं तर तीन.

स्वीकाराचे आकडे: व्यास ६० ते १०० नॅनोमीटर, पसरण-निर्देशांक (कणांचे आकार किती वेगवेगळे ते) ०.२ पेक्षा कमी, आरएनए आत अडकल्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर, तटस्थ पीएचला पृष्ठभार शून्याच्या आसपास. आयनक्षम मेदाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा मेद धनभारित असतो तो) टीएनएस या चमकत्या रंगाने कणावरच मोजा, यकृतासाठी ६.२ ते ६.५ हा पट्टा उत्तम ठरलाय.

बिघडतं कुठे? आरएनए अडकलाच नाही तर पहिला संशय बफरच्या पीएचवर. साडेपाचच्या वर गेला की मेदावर पुरेसा धनभार येत नाही. व्यास बॅचगणिक बदलतोय तर इथेनॉलमध्ये कोलेस्टेरॉल किंवा डीएसपीसी थंड होऊन खाली बसलंय का पाहा. साठा ३७ अंशांपर्यंत कोमट करून, पूर्ण स्वच्छ दिसल्यावरच सिरिंजमध्ये भरा. रायबोग्रीन या आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने मोजताना प्रमाण-रेषा त्याच एसआयआरएनएची आणि त्याच डिटर्जंटमध्ये काढा. रंग लहान, दुपदरी, रासायनिक बदल केलेल्या तुकड्यांना कमी चमक देतो. किटमधल्या प्रमाण-आरएनएवर विसंबलात तर डोसच चुकतो. गोठवायचं असेल तर सोडियम फॉस्फेट बफर टाळा: थंड होताना त्यातला एक क्षार आधी स्फटिकतो, पीएच घसरतो आणि कण फुटतात. ट्रिस बफरमध्ये ८ ते १० टक्के सुक्रोज घालून उणे ८० अंशांवर ठेवा आणि वितळवल्यावर व्यास पुन्हा मोजा.

हृदयाकडे वळवायचं असेल तर पीईजीचा खिळा, म्हणजे कणात रुतणारी मेदाची शेपूट, बदला. चौदा कार्बनांची शेपूट असलेलं पीईजी रक्तात लवकर गळून पडतं, एपोई चिकटतं, यकृत गिळतं. अठरा कार्बनांची शेपूट टिकून राहते, कण जास्त वेळ फिरतो. पण त्याच आवरणामुळे पेशीत शिरणंही मंदावतं. म्हणून त्यावर प्रतिपिंड किंवा पेप्टाइड बसवावं लागतं, बहुधा मॅलेइमाइड-थायॉल जोडणीने. जोडणी पीएच ६.५ ते ७.२ मध्ये करा, त्यावर मॅलेइमाइड निकामी होऊ लागतं. उरलेले हात सिस्टीनने बंद करा, मोकळं प्रतिपिंड स्तंभातून वेगळं काढा. ते तसंच राहिलं तर तेच रिसेप्टर अडवून बसतं आणि लक्ष्यवेधी कण साध्या कणापेक्षा वाईट ठरतो.

पाचवा मेद घालून इंद्रिय बदलण्याची युक्ती २०२० पासून गाजते आहे: कायम धनभारित मेद सुमारे निम्म्या प्रमाणात घातला तर कण फुप्फुसात जातो, ऋणभारित घातला तर प्लीहेत. ती हृदयाला तितकी लागू पडत नाही. धनभारित कणाला शिरेतून निघाल्यावर पहिली केशवाहिन्यांची जाळी फुप्फुसाचीच लागते, आणि हृदयाच्या वाट्याला उरतं फारच थोडं.

मार्ग

झटक्यानंतरचे पहिले काही दिवस रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात आणि शिरेतून दिलेले कण जखमी भागात जास्त साचतात. ही संधी खरी आहे, पण अटी आहेत. धमनी उघडलेली हवी. कायमची बांधलेली धमनी असेल तर मधल्या भागात रक्तच जात नाही, कण कडेकडेनेच साचतात. दुसरं, साचलेले कण बहुतेक मॅक्रोफेज (कण गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) गिळतात. लक्ष्य मॅक्रोफेज असेल तर उत्तम. स्नायूपेशी असेल तर चित्रातली चमक फसवी. जुन्या हृदयनिकामीत ही गळती जवळजवळ नसते.

थेट स्नायूत टोचणं हा शस्त्रक्रियेच्या वेळी शक्य असलेला मार्ग. व्हीईजीएफ-ए प्रथिनाचा एमआरएनए बायपास शस्त्रक्रियेत हृदयाच्या पृष्ठभागावर ३० ठिकाणी, एकूण ३ मिलिग्रॅम, असा रुग्णांत दिला गेला आहे. तोही उघडा, सायट्रेट-मिठाच्या पाण्यात, कणाशिवाय. टोचलेल्या जागी एलएनपीने होणारा दाह आजारी हृदयाला नको असतो. टोचण्यातली अडचण यांत्रिक आहे: आकुंचनाबरोबर द्रव सुईच्या वाटेने परत बाहेर ढकलला जातो आणि शिरांवाटे निसटतो. हळू टोचा, सुई तिरकी घाला, काढण्याआधी काही सेकंद थांबा.

कॅथेटरने हृदयधमनीत द्यायचं म्हटलं तर हेपरिन आठवा. प्रयोगशाळेत कुणी ते घालत नाही, कॅथलॅबमध्ये प्रत्येक रुग्णाला असतं. हेपरिन तीव्र ऋणभारित आहे. पॉलिइथिलिनइमाइनसारख्या धनभारित बहुलकांच्या गुंत्यातून ते आरएनए ढकलून बाहेर काढतं. आयनक्षम मेदाचे कण तटस्थ पीएचला बरेच सुरक्षित राहतात. तरी प्रत्येक बॅच हेपरिन मिसळलेल्या रक्तद्रवात ३७ अंशांवर तासभर ठेवून तपासा.

पोहोचलं हे सिद्ध करणं

इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडं सावकाश.

मेदात विरघळणारे चमकते रंग कणातून निसटून कुठल्याही पेशीपटलात शिरतात. रंग दिसला म्हणजे कण पोहोचला असं नाही. कण पोहोचला म्हणजे आरएनए सुटला असंही नाही. हृदयस्नायूत लायपोफुसिनमुळे मुळातच हिरवट चमक असते, म्हणून फक्त मीठपाणी टोचलेल्या प्राण्याचं हृदय त्याच सेटिंगवर बघितल्याशिवाय एकही चित्र खरं मानू नका. हृदय काढण्याआधी मीठपाण्याने धुऊन घ्या, नाहीतर आतल्या रक्तातले कणच मोजले जातात.

भरवशाचा पुरावा कामातून मिळतो. क्री या डीएनए कापून जोडणाऱ्या विकराचा एमआरएनए भरलेले कण आणि क्री मिळाल्यावरच लाल चमकणारे उंदीर ही जोडी वापरा: आरएनए सुटला, प्रथिन बनलं, तरच पेशी लाल. एसआयआरएनएसाठी लक्ष्य-एमआरएनए ठरलेल्या जागीच कापला गेलाय हे फाइव्ह-प्राइम रेस या, कापलेलं टोक वाचणाऱ्या पद्धतीने दाखवा. पेशीनिहाय मोजायचं तर हृदय कोलॅजिनेजने सोडवून २० ते ५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) एवढ्या मंद वेगाने फिरवा. स्नायूपेशी खाली बसतात, बाकीच्या वर राहतात. साध्या सेल सॉर्टरमध्ये प्रौढ स्नायूपेशी घालू नका. शंभर मायक्रॉनहून लांब पेशी तिथे फुटतात आणि त्यांचा गाभा बाकीच्यांना चिकटतो. त्याऐवजी केंद्रकं वेगळी करून पीसीएम-१ या स्नायूपेशींच्या केंद्रकांवरच्या खुणेने निवडा.

अँटीमिर मोजतानाचा दोष तर छापील निबंधांतही दिसतो. एंडोसोममध्ये निष्क्रिय अडकलेला अँटीमिर पेशी फोडताना मोकळा होतो, परीक्षानळीत मायक्रोआरएनएला चिकटतो, आणि पीसीआर सांगतो "नव्वद टक्के घट". शरीरात काहीच घडलेलं नसतं! म्हणून मायक्रोआरएनए कमी झाल्याचा आकडा पुरेसा नाही. त्याची लक्ष्य-जनुकं वर आली हे दाखवावंच लागतं. सोडवताना वापरलेलं हेपरिनही पीसीआर अडवतं. नमुन्यावर हेपरिनेज वापरा. प्रथिनासाठी घाई करू नका. एमआरएनए दोन-तीन दिवसांत उतरतो, पण हृदयातल्या दीर्घायुषी प्रथिनांना एक-दोन आठवडे द्या.

गट किमान चार: मीठपाणी, रिकामे कण, निरर्थक क्रम भरलेले कण, आणि खरा क्रम. रिकामा कण सोडू नका. आयनक्षम मेद स्वतःच दाह चेतवतो, आणि झटक्यानंतरच्या हृदयात दाह थोडा हलला तरी आकुंचन-अंश (प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वाटा) बदलतो. उपचार म्हणून छापलेला परिणाम कधीकधी निव्वळ मेदाचा असतो. प्रतिध्वनी-चित्रण (इको) आणि इन्फार्क्टचं मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नसावा, हे वेगळं सांगायला नको.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर

पॅटिसिरान ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो, दर तीन आठवड्यांनी, सुमारे ८० मिनिटांत दिलं जातं. त्याच्या किमान तासभर आधी डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल आणि दोन्ही प्रकारचे हिस्टामिनरोधक. हे वेळापत्रक ताज्या झटक्याच्या रुग्णावर जसंच्या तसं लावता येत नाही. भरून येणाऱ्या व्रणाला स्टेरॉइड सोयीचं नसतं, मधुमेही रुग्णाची साखर उसळते, आणि हृदय निकामी झालेल्याला प्रत्येक वेळी २०० मिलिलिटर द्रव हाही हिशेबात धरावा लागतो. उंदरांना हे पूर्वोपचार न देता मिळालेला निष्कर्ष म्हणूनच अर्धा आहे. एक गट डेक्सामेथासोनसह ठेवाच. पुन्हा पुन्हा डोस लागणार असेल तर पीईजीविरुद्धची प्रतिपिंडं मोजा. दुसरा डोस पहिल्यापेक्षा वेगाने यकृतात गायब झाला तर कारण बहुधा तेच.

प्रयोगातले उंदीर तरुण, निरोगी, औषधाविना असतात. रुग्ण वयस्कर, बीटा-ब्लॉकर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर. प्रारूपात निदान नेहमीची औषधं घाला आणि त्यांच्यावर जास्तीचा फायदा दिसतो का ते पाहा. उंदराचं हृदय मिनिटाला पाच-सहाशे ठोके टाकतं. लयबिघाडाचा धोका ते दाखवत नाही. मिर-१९९एचा धोकाही डुकरातच उघडा पडला.

डुकरावर जाताना मात्र तयारी वेगळी. त्याच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत मॅक्रोफेज ठाण मांडून असतात आणि रक्तात शिरलेल्या कणांवर ते काही मिनिटांत तुटून पडतात: फुप्फुसधमनीचा दाब चढतो, शरीराचा रक्तदाब कोसळतो, प्राणी टेबलावरच जाऊ शकतो. आधी डोसाचा अगदी लहान अंश द्या, दहा मिनिटं दाब बघा, मग पहिली पंधरा मिनिटं मंद आणि नंतर वेग वाढवत उरलेला द्या. फुप्फुसधमनीत दाबमापक नळी असल्याशिवाय सुरू करू नका, आणि अॅड्रेनालिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवा. डोसानंतर लय नोंदवणारं उपकरण त्वचेखाली बसवून किमान तीन महिने नोंदी घ्या. मिर-१९९एच्या डुकरांतले मृत्यू पहिला महिना चांगला गेल्यानंतर झाले होते.